धुतांग : बौद्ध भिक्षूंची तेरा व्रते

प्रस्तावना

व्रत, उपवास, नियम हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. कोणी चातुर्मासात एकभुक्त राहते, कोणी अनवाणी चालते, तर कोणी आवडीचा पदार्थ वर्षभर वर्ज्य करते. अशा व्यक्तीविषयी आपल्या मनात सहजच आदर निर्माण होतो. परंतु त्याबरोबर काही प्रश्नही उभे राहतात. जितके कष्ट अधिक तितकी साधना श्रेष्ठ, असे म्हणता येईल काय? शरीराला क्लेश दिल्याने मन शुद्ध होते काय? आणि एखाद्याचा त्याग खरा की लोकांना दाखवण्यासाठी केलेला, हे कसे ओळखावे?

हे प्रश्न आजचे नाहीत. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी मगध देशात गौतम बुद्धांपुढेही ते उभे होते. बुद्धांनी देहदंडाचा मार्ग स्वतः अनुभवला आणि तो व्यर्थ म्हणून सोडून दिला. तरीही त्यांच्या भिक्षुसंघात काही कठोर व्रतांना मानाचे स्थान मिळाले. ही व्रते तेरा असून त्यांना ‘धुतांग’ असे म्हणतात. ज्यांनी देहदंड नाकारला त्यांनीच या व्रतांची प्रशंसा का केली, हे प्रस्तुत पाठात आपण समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण

- ‘धुतांग’ या शब्दाचा अर्थ सांगू शकाल;
- वस्त्र, अन्न, निवास आणि निद्रा यांसंबंधीच्या तेरा व्रतांचा परिचय करून देऊ शकाल;
- देहदंड आणि संयम यांतील भेद स्पष्ट करू शकाल;
- त्यागामागील हेतूचे महत्त्व उदाहरणांसह विशद करू शकाल.

मूळ पाठ

१. देहदंडाचा अनुभव आणि मध्यम मार्ग

बुद्धकालीन भारतात घरदार सोडून सत्याचा शोध घेणारे अनेक श्रमण होते. त्यांतील काही जण अत्यंत उग्र तप करीत. पाली ग्रंथांत सेनिय नावाच्या एका तपस्व्याचा उल्लेख येतो. त्याने कुत्र्याप्रमाणे वागण्याचे व्रत घेतले होते. जमिनीवर टाकलेले अन्न तो खात असे. त्याचा सोबती पुण्ण हा बैलाप्रमाणे वागत असे. अशा व्रताने स्वर्ग मिळतो, अशी त्यांची श्रद्धा होती. बुद्धांनी त्यांना सांगितले, की कुत्र्याचे आचरण पूर्णपणे करणाऱ्याला मरणानंतर कुत्र्यांचीच संगत लाभेल.

हे उत्तर कठोर वाटेल. पण त्यामागे स्वानुभव होता. गृहत्यागानंतर सिद्धार्थ गौतमांनी उरुवेला येथे, म्हणजे आजच्या बोधगयेच्या परिसरात, उग्र तपश्चर्या केली. परंपरा हा काळ सहा वर्षांचा मानते. श्वास रोखून धरणे, अन्न जवळजवळ बंद करणे असे प्रयोग त्यांनी केले. शरीर अस्थिपंजर झाले; परंतु ज्ञान काही प्राप्त झाले नाही. अखेर त्यांनी अन्न ग्रहण केले. ते पाहून बरोबरचे पाच तपस्वी त्यांना ढोंगी समजून निघून गेले. पुढे ज्ञानप्राप्तीनंतर त्याच पाच जणांना सारनाथ येथे बुद्धांनी पहिला उपदेश केला. विषयसुखात बुडून जाणे हे एक टोक आणि स्वतःला क्लेश देणे हे दुसरे टोक; ही दोन्ही टोके टाळून मधल्या मार्गाने जावे, असे त्यांनी सांगितले. यालाच ‘मध्यम मार्ग’ म्हणतात.

सोण नावाच्या भिक्षूची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. तो श्रीमंत घराण्यातील होता. राजगृहाजवळ साधना करताना तो इतका चालला, की त्याच्या तळव्यांतून रक्त वाहू लागले. तरीही मन शांत होईना. तेव्हा घरी परतावे, असा विचार त्याच्या मनात आला. सोण पूर्वी उत्तम वीणा वाजवीत असे. बुद्धांनी त्याला विचारले, की वीणेच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर सूर लागतो काय? सोणाला अर्थ उमगला. तेव्हा बुद्धांनी त्याला चपला वापरण्याची परवानगी दिली. मात्र ही सवलत एकट्यासाठी घेण्यास सोणाने नकार दिला. अखेर ती साऱ्या संघाला मिळाली.

२. भिक्षूचे साधे जीवन

मध्यम मार्ग म्हणजे सुखवस्तू जीवन नव्हे. भिक्षूला दीक्षा देताना त्याला चार आधार सांगितले जात. त्यांना ‘निस्सय’ म्हणजे निश्रय असे म्हणतात. भिक्षा मागून मिळालेले अन्न, टाकून दिलेल्या चिंध्यांचे वस्त्र, झाडाखालचा निवास आणि गोमूत्रासारखे साधे औषध हे ते चार आधार होत. याहून अधिक काही मिळाले तर तो लाभ समजावा. न मिळाल्यास तक्रार करू नये.

कालांतराने संघाला लोकाश्रय मिळाला. भिक्षूंना भोजनाची निमंत्रणे येऊ लागली. राजवैद्य जीवकाने बुद्धांना उंची वस्त्र अर्पण केले, तेव्हा गृहस्थांनी दिलेली वस्त्रे स्वीकारण्यास भिक्षूंना अनुमती मिळाली. ज्यांना चिंध्यांचीच वस्त्रे वापरायची असतील त्यांनी ती वापरावीत, ही मोकळीकही कायम राहिली. राहण्यासाठी विहार बांधले गेले. या सोयी अनुचित नव्हत्या. पण सोयींबरोबर त्यांची ओढही निर्माण होते. आज मिळालेले चांगले अन्न उद्याही मिळावे, असे मन म्हणू लागते. ही ओढ झाडून टाकण्यासाठी काही भिक्षू स्वेच्छेने अधिक कडक नियम पाळू लागले. हीच धुतांगे होत.

३. ‘धुतांग’ म्हणजे काय?

‘धुत’ म्हणजे झटकलेले, झाडून टाकलेले. ‘अंग’ म्हणजे घटक किंवा साधन. वस्त्राला लागलेली धूळ आपण झटकतो, त्याप्रमाणे मनातील लोभ झटकून टाकण्याचे जे साधन ते धुतांग होय.

धुतांगांचे सविस्तर विवेचन ‘विसुद्धिमग्ग’ म्हणजे ‘विशुद्धिमार्ग’ या पाली ग्रंथात आढळते. आचार्य बुद्धघोषांनी हा ग्रंथ इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेतील अनुराधपूर येथे रचला. त्याचे दुसरे प्रकरण संपूर्णपणे धुतांगांविषयी आहे. महायान ग्रंथांत अशा व्रतांची संख्या बारा मानली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भिक्षूंनी पाळावयाच्या नियमांना ‘विनय’ म्हणतात. विनयाचे नियम सर्वांना बंधनकारक असतात व ते मोडल्यास दोष लागतो. धुतांगे मात्र ऐच्छिक आहेत. धुतांग मोडले तर त्यासाठी संघ दंड करीत नाही. ते व्रत फक्त खंडित होते आणि पुन्हा घेता येते.

४. तेरा व्रतांचा परिचय

*(अ) वस्त्रासंबंधी दोन व्रते*

पहिले व्रत ‘पंसुकूलिक’ होय. पंसु म्हणजे धूळ. धुळीत, उकिरड्यावर, रस्त्यावर किंवा स्मशानात टाकून दिलेले कापड गोळा करावे, धुवावे, शिवावे आणि तेच पांघरावे. उंदरांनी कुरतडलेले, वाळवी लागलेले, आगीत अर्धवट जळालेले अशा अनेक प्रकारच्या चिंध्यांची यादी विसुद्धिमग्गात दिली आहे. अशा वस्त्राला चोराची भीती नसते आणि त्यासाठी कोणाचे मिंधे व्हावे लागत नाही.

दुसरे व्रत ‘तेचीवरिक’ होय. संघाटी, उत्तरासंग आणि अंतरवासक ही तीनच चीवरे बाळगायची. चौथे स्वीकारायचे नाही. पक्षी जसा केवळ पंखांचा भार घेऊन उडतो, तसा हा भिक्षू कोठेही जाण्यास मोकळा असतो.

*(आ) अन्नासंबंधी पाच व्रते*

तिसरे ‘पिंडपातिक’. या व्रतात भोजनाची निमंत्रणे न स्वीकारता केवळ भिक्षेवर निर्वाह करावयाचा असतो.

चौथे ‘सपदानचारिक’. भिक्षा मागताना एकही घर न वगळता ओळीने जायचे. हे व्रत वरवर सोपे दिसते. परंतु त्याचा सामाजिक अर्थ मोठा आहे. कोणत्या घरी चांगले अन्न मिळते हे भिक्षूला थोड्याच दिवसांत कळते. तरीही त्याने श्रीमंताच्या दारी थांबू नये आणि गरिबाचे दार टाळू नये. सर्व घरे त्याला सारखीच.

पाचवे ‘एकासनिक’. दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचे. आसनावरून उठले की भोजन संपले. मध्यान्हानंतर न जेवण्याचा नियम तर सर्वच भिक्षूंना लागू असतो.

सहावे ‘पत्तपिंडिक’. सर्व अन्न एकाच भिक्षापात्रात घ्यायचे. दुसरे भांडे वापरायचे नाही. वेगवेगळ्या चवींची हौस त्यामुळे आपोआप मावळते.

सातवे ‘खलुपच्छाभत्तिक’. पुरेसे झाले म्हणून एकदा नकार दिल्यावर नंतर आणलेले अन्न घ्यायचे नाही. ‘खलु’ या शब्दाचे स्पष्टीकरण देताना एका पक्ष्याचा दाखला दिला जातो. चोचीतले फळ खाली पडले तर हा पक्षी दुसरे फळ खात नाही, अशी समजूत होती.

*(इ) निवासासंबंधी पाच व्रते*

आठवे ‘आरञ्ञिक’. गाव सोडून अरण्यात राहायचे. हे अरण्य गावापासून किमान पाचशे धनुष्ये दूर असावे, असे माप दिले आहे. आजच्या मापाने हे अंतर सुमारे एक किलोमीटर भरते. म्हणजे गावाच्या गजबजाटापासून दूर, परंतु भिक्षेसाठी पायी जाता येईल इतके जवळ.

नववे ‘रुक्खमूलिक’. छपराखाली न राहता झाडाखाली राहायचे. झाड निवडतानाही विवेक सांगितला आहे. सीमेवरचे झाड, लोक ज्याची पूजा करतात ते झाड, फळांनी लगडलेले झाड, वटवाघळांचे झाड किंवा पोकळ खोडाचे झाड टाळावे. सीमेवर भांडणाचे भय, फळझाडाखाली लोकांची वर्दळ आणि पोकळ खोडात सापांचे भय, अशी त्यामागची व्यावहारिक कारणे समजण्याजोगी आहेत.

दहावे ‘अब्भोकासिक’. झाडाचाही आश्रय न घेता उघड्यावर राहायचे. धर्मश्रवणासाठी किंवा उपोसथासाठी मात्र इमारतीत जाण्यास हरकत नाही.

अकरावे ‘सोसानिक’. स्मशानात राहायचे. मृत्यूचे स्मरण सतत राहावे, हा यामागील हेतू होय. मात्र त्यासाठी स्मशानाचा रखवालदार, विहारातील ज्येष्ठ स्थविर आणि गावचा मुखिया यांना आधी कळवावे, असे ग्रंथ सांगतो. रात्री चोर स्मशानात आले आणि चोरीचा माल तेथेच टाकून पळाले, तर निरपराध भिक्षूवर आळ येऊ नये, ही त्यामागील दक्षता. इतके उग्र व्रत घेतानाही समाजाशी असलेले नाते तोडायचे नाही, हे येथे दिसून येते.

बारावे ‘यथासंथतिक’. विहारात जी जागा वाट्याला येईल तिच्यात समाधान मानायचे. ही जागा फार दूर आहे काय, तेथे उकाडा होतो काय, साप आहेत काय, असे विचारायचेसुद्धा नाही. ज्यांनी एकत्र कुटुंबात, वसतिगृहात किंवा कामगारांच्या खोलीत दिवस काढले आहेत, त्यांना या व्रताची कठीणता वेगळी सांगावी लागणार नाही.

*(ई) निद्रेसंबंधी एक व्रत*

तेरावे ‘नेसज्जिक’. आडवे न होता बसूनच रात्र काढायची. रात्रीच्या तीन प्रहरांपैकी एका प्रहरात उठून चालावे, असेही सांगितले आहे. झोपेचा आळस जाऊन ध्यानास अनुकूलता लाभावी, हा हेतू.

५. व्रतांतील लवचीकता

तेराही व्रते एकाच भिक्षूने एकाच वेळी पाळावीत, अशी अपेक्षा नाही. शिवाय प्रत्येक व्रताच्या उत्कृष्ट, मध्यम आणि सौम्य अशा तीन श्रेणी आहेत. उदाहरणार्थ, अरण्यवासाचे व्रत उत्कृष्ट श्रेणीने पाळणारा बाराही महिने पहाटेच्या वेळी अरण्यातच असला पाहिजे. मध्यम श्रेणीच्या भिक्षूला पावसाळ्याचे चार महिने गावात राहता येते. सौम्य श्रेणीच्या भिक्षूला हिवाळ्यातही तशी मुभा असते.

व्रत कोणाला किती शक्य आहे, याचाही विचार केलेला आढळतो. भिक्षूंसाठी तेरा व्रते आहेत, तर भिक्षुणींसाठी आठ. भिक्षुणीने एकटीने राहू नये असा नियम असल्याने अरण्य, वृक्षमूल, उघडी जागा आणि स्मशान येथील निवास त्यांना सांगितलेला नाही. गृहस्थ स्त्री-पुरुषांना दोन व्रते घेता येतात : एका बैठकीत जेवणे आणि एकाच पात्रात जेवणे.

व्रत घ्यावे की न घ्यावे, याची कसोटी अगदी साधी आहे. व्रतामुळे ध्यानसाधना वाढत असेल तर ते घ्यावे. साधना ढासळत असेल तर घेऊ नये. आणि साधनेवर काहीच परिणाम होत नसेल, तर पुढील पिढ्यांपुढे उदाहरण राहावे म्हणून घ्यावे. या कसोटीत कष्टांचे मोजमाप कोठेही नाही. मनावर होणारा परिणाम हेच येथे प्रमाण आहे.

६. महाकाश्यप : व्रतस्थांचा आदर्श

धुतांगे पाळणाऱ्या शिष्यांत बुद्धांनी महाकाश्यपांना अग्रस्थान दिले. ते संपन्न ब्राह्मण कुळातील होते. राजगृहात भिक्षेसाठी जाताना ते गरिबांच्या आणि विणकरांच्या वस्तीत जात. एकदा एका कुष्ठरोग्याने त्यांना भिक्षा वाढली. वाढताना त्याचे झडलेले बोट पात्रात पडले. महाकाश्यपांनी किळस न मानता भिंतीच्या आडोशाला बसून ते अन्न ग्रहण केले. रोगजर्जर माणसाच्या हातची भिक्षा नाकारून त्याला त्यांनी अपमानित केले नाही.

महाकाश्यप वृद्ध झाले तेव्हा बुद्धांनीच त्यांना सांगितले, की आता ही जाड चिंध्यांची वस्त्रे तुम्हाला जड होत असतील; गृहस्थांनी दिलेली वस्त्रे वापरा, निमंत्रणे स्वीकारा आणि माझ्याजवळ राहा. महाकाश्यपांनी नम्रपणे नकार दिला. त्यांनी दोन कारणे सांगितली : या जीवनात स्वतःला सुख वाटते आणि पुढे येणाऱ्या लोकांना हे उदाहरण उपयोगी पडेल. बुद्धांनी त्यांची प्रशंसा केली. येथे गुरूने व्रत लादले नाही; उलट ते शिथिल करण्याची मुभा दिली. आणि शिष्याने व्रत टिकवले ते ‘क्लेश सोसतो’ म्हणून नव्हे, तर ‘सुख वाटते’ म्हणून. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे भरलेल्या पहिल्या संगीतीचे नेतृत्व याच महाकाश्यपांनी केले.

७. देवदत्ताची मागणी

याच्या नेमके उलट उदाहरण देवदत्ताचे आहे. देवदत्त हा बुद्धांचा नातलग होता व त्याला संघाचे नेतृत्व हवे होते. विनयपिटकातील वृत्तांतानुसार त्याने बुद्धांपुढे पाच मागण्या ठेवल्या. भिक्षूंनी आजन्म अरण्यातच राहावे, भिक्षेवरच जगावे, चिंध्याच नेसाव्यात, झाडाखालीच राहावे आणि मासे व मांस कधीही खाऊ नये. या गोष्टी मोडणाऱ्याला दोष लागावा, असा त्याचा आग्रह होता.

यांपैकी पहिल्या चार गोष्टी धुतांगांतही आहेत. मग बुद्धांनी मागणी का फेटाळली? ज्याला अरण्यात राहायचे असेल त्याने अरण्यात राहावे. ज्याला गावाजवळ राहायचे असेल त्याने गावाजवळ राहावे, असे त्यांनी उत्तर दिले. झाडाखालचा निवास वर्षाकाळ सोडून आठ महिने योग्य ठरवला. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली नसेल, तर भिक्षेत आलेले मासे-मांस घेण्यास त्यांनी बंदी केली नाही.

आपली मागणी मान्य होणार नाही हे देवदत्त जाणून होता. लोकांना कठोर आचरणाचे आकर्षण असते, याचा त्याला लाभ उठवायचा होता. तसेच घडले. देवदत्त हाच खरा विरक्त, असे काही लोक म्हणू लागले. पाचशे नवदीक्षित भिक्षू त्याच्या मागे गेले. पुढे सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांनी समजूत घालून त्यांना परत आणले. व्रत तेच असते. मात्र ते स्वतःसाठी घेतले तर साधना होते, आणि दुसऱ्यांवर लादून श्रेष्ठत्वासाठी वापरले तर संघात फूट पाडते.

८. व्रतामागील हेतू

अंगुत्तर निकाय या ग्रंथात अरण्यवासी भिक्षूंचे पाच प्रकार सांगितले आहेत. काही जण अज्ञानामुळे अरण्यात राहतात. काही जण प्रसिद्धीच्या हव्यासाने राहतात. काही जणांचे चित्त ठिकाणावर नसते. काही जण बुद्धांनी प्रशंसा केली म्हणून राहतात. आणि काही जण अल्पेच्छता, संतोष व एकांताची आवड यांमुळे राहतात. दुधापासून क्रमाने मिळणाऱ्या पदार्थांत तुपाचा सारभाग जसा श्रेष्ठ, तसा या पाचांत शेवटचा श्रेष्ठ होय. चिंध्यांची वस्त्रे, वृक्षवास, स्मशानवास इत्यादी इतर व्रतांनाही हेच वर्गीकरण लावले आहे. बाहेरून पाचही जण सारखेच दिसतात. भेद असतो तो अंतःकरणात.

बुद्धांनी स्वतःचे उदाहरणही दिले आहे. आपले शिष्य आपला आदर करतात तो आपण अल्प आहार घेतो म्हणून नव्हे, असे त्यांनी उदायी नावाच्या परिव्राजकाला सांगितले. आपण कधी कधी पात्रभर जेवतो, निमंत्रण स्वीकारतो, चांगली वस्त्रे वापरतो. आपल्याहून कमी खाणारे आणि चिंध्या नेसणारे शिष्य संघात आहेत. कष्ट हीच थोरवी असती, तर त्या शिष्यांनी गुरूचा आदर का केला असता? आदर शील, ज्ञान आणि प्रज्ञा यांसाठी असतो, असा या संवादाचा आशय आहे.

९. उत्तरकाळातील परंपरा

महाराष्ट्रातील कान्हेरी, भाजे, कार्ले येथील लेणी आपण पाहिली असतील. कान्हेरीला भिक्षूंच्या खोल्या, दगडी बाक आणि पाण्याची टाकी आजही दिसतात. तेथील शिलालेखांत व्यापारी व इतर दात्यांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. पावसाळ्यातील तात्पुरत्या निवासातून स्थिर आणि संपन्न विहार कसे उभे राहिले, याची ही लेणी साक्ष देतात. विहारांची समृद्धी वाढली तरी साधेपणाची आठवण जिवंत ठेवण्याचे काम धुतांगांनी केले. श्रीलंकेत तर ग्रामवासी आणि अरण्यवासी अशा भिक्षूंच्या दोन परंपराच नांदल्या.

थायलंडमध्ये ‘थुदोंग’ हा शब्द प्रचलित आहे. तो ‘धुतांग’ या शब्दाचेच थाई रूप होय. अजान मुन (१८७०–१९४९) आणि त्यांचे शिष्य अरण्यातून पायी फिरत, मोठ्या छत्रीला मच्छरदाणी लावून तिच्याखाली रात्र काढीत. अजान चा (१९१८–१९९२) यांनी १९५४ साली ईशान्य थायलंडमध्ये स्थापन केलेल्या वनविहारातून ही परंपरा जगभर पोहोचली. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील अरण्ये झपाट्याने घटली आणि १९८९ साली थायलंड सरकारने नैसर्गिक वनांतील व्यापारी वृक्षतोडीवर बंदी घातली. अरण्यच उरले नाही तर अरण्यवासाचे व्रत तरी कोठे पाळायचे, हा नवा प्रश्न या परंपरेपुढे उभा राहिला.

मराठी वाचकांना या विषयाशी जोडणारा दुवा म्हणजे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) होत. गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेले कोसंबी बौद्ध धर्माच्या अभ्यासाच्या ओढीने श्रीलंकेला गेले आणि १९०२ साली तेथे श्रामणेर झाले. ज्या विसुद्धिमग्गाच्या आधारे आपण या व्रतांचा परिचय करून घेतला, त्याचे त्यांनी संपादन केलेले देवनागरी रूप १९४० साली मुंबईहून प्रसिद्ध झाले.

१०. समारोप

श्रीलंकेतील चेतियपब्बत, म्हणजे आजचे मिहिंतले, येथे दोन भाऊ भिक्षू म्हणून राहत. थोरला भाऊ नेसज्जिक व्रत पाळीत असे. तो रात्री कधीही आडवा होत नसे. परंतु हे कोणालाही ठाऊक नव्हते. एका रात्री वीज चमकली. त्या उजेडात धाकट्याने त्याला बिछान्यावर बसलेले पाहिले आणि विचारले, की भंते, आपण बसून राहण्याचे व्रत पाळता काय? थोरला त्याच क्षणी आडवा झाला. व्रत मोडले, पण आपण व्रती आहोत ही कीर्ती त्याने पसरू दिली नाही. नंतर त्याने ते व्रत पुन्हा नव्याने घेतले.

धुतांगांचे मर्म या लहानशा कथेत साठवलेले आहे. वस्त्राची, अन्नाची, जागेची ओढ सोडणे कठीण असते; परंतु ‘मी सोडले’ या अभिमानाची ओढ सोडणे त्याहूनही कठीण असते. देहदंडात माणूस स्वतःच्या कष्टांकडे पाहत राहतो. धुतांगात त्याने स्वतःच्या लोभाकडे पाहावे, अशी अपेक्षा असते. म्हणूनच बुद्धांनी एकाचा त्याग केला आणि दुसऱ्याची प्रशंसा केली.

आपण काय शिकलो?

- धुतांग म्हणजे मनातील लोभ झटकण्याचे ऐच्छिक साधन.
- तेरा धुतांगांपैकी दोन वस्त्रासंबंधी, पाच अन्नासंबंधी, पाच निवासासंबंधी आणि एक निद्रेसंबंधी आहे.
- व्रताची कसोटी कष्टांवरून नव्हे, तर हेतूवरून आणि मनावर होणाऱ्या परिणामावरून ठरते.
- व्रत दुसऱ्यावर लादल्यास किंवा त्याचे प्रदर्शन केल्यास त्याचा मूळ उद्देश नष्ट होतो.

शब्दार्थ

चीवर – भिक्षूचे वस्त्र
स्थविर – ज्येष्ठ भिक्षू
श्रामणेर – प्राथमिक दीक्षा घेतलेला भिक्षू
उपोसथ – भिक्षूंनी एकत्र येऊन नियमांचे पठण करण्याचा दिवस
संगीती – धर्मग्रंथांच्या पठणासाठी भरलेली भिक्षूंची परिषद
अल्पेच्छता – इच्छा कमी असणे
परिव्राजक – फिरता संन्यासी

स्वाध्याय

१. ‘धुतांग’ या शब्दाचा अर्थ लिहा.
२. विनयाचे नियम आणि धुतांगे यांतील फरक स्पष्ट करा.
३. सपदानचारिक व्रताचा सामाजिक अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
४. देवदत्ताची मागणी बुद्धांनी का नाकारली? सकारण लिहा.
५. चेतियपब्बत येथील थोरल्या भावाने व्रत मोडले, हे योग्य झाले असे आपणास वाटते काय? आठ ते दहा ओळींत मत मांडा.
६. आपल्या परिसरात पाळल्या जाणाऱ्या एखाद्या व्रताची माहिती मिळवा. ते व्रत पाळणाऱ्या व्यक्तीशी बोलून त्यामागील हेतू जाणून घ्या व टिपण लिहा.